काकांच्या आठवणीसाठी सहा लाख: कुठे आणि कसे लावावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: काका साताऱ्याकडच्या कुंभार घरातले. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पॉटरी संस्थेत शिकले आणि पुढे पुण्याजवळ शेड घालून त्यांनी आयुष्यभर स्टोनवेअरची, म्हणजे मोठ्या आचेवर भाजलेली दगडासारखी टणक भांडी केली. गेल्या वर्षी ते गेले. घरच्यांनी मिळून ६ लाख रुपये जमवलेत. त्यांच्या नावाने दरवर्षी राज्यस्तरीय मृत्कला पुरस्कार द्यावा असा विचार आहे. शेडमध्ये गॅसची भट्टी, दोन चाकं आणि बरीचशी भांडी अजून तशीच आहेत. पुरस्कार बरा की आणखी काही करावं?

माझं मत विचाराल तर पुरस्कार नको.

आधी हिशेब बघा. ६ लाख मुदत ठेवीत टाकले तर साडेसहा-सात टक्क्यांनी वर्षाला ४० हजारांच्या आसपास व्याज येईल. त्यातून हॉलचं भाडं, प्रमुख पाहुण्यांचा प्रवास, शाल-श्रीफळ, फ्लेक्स, स्मृतिचिन्ह आणि चहा-नाश्ता वजा जाता विजेत्याच्या हातात १५ हजार पडले तरी पुष्कळ. व्याज तेवढंच राहतं आणि हॉलवाला दरवर्षी भाडं वाढवतो. असे कार्यक्रम मी परीक्षक म्हणूनही पाहिलेत आणि प्रेक्षक म्हणूनही. पहिल्या वर्षी सगळं गणगोत येतं, तिसऱ्या वर्षी खुर्च्या भरायला शेजारच्या शाळेतली मुलं बोलवावी लागतात, आणि पाचव्या वर्षी "यंदा काही कारणास्तव" अशी सूचना निघते. यात कुणाची नियत खोटी नसते. सोहळा उभा करणं हे एक वेगळंच काम आहे आणि ते करायला घरात माणूस लागतो.

दुसरी अडचण निवडीची. राज्यभरातून प्रवेशिका मागवायच्या म्हटलं की त्या फोटोंवर येतात. मातीचं भांडं फोटोवर कसं जोखणार? तेरच्या गोरोबाकाकांनी संतांचं कच्चं-पक्कं ठरवलं ते थापटणं हातात घेऊन, एकेकाच्या डोक्यावर मारून. आमच्या धंद्यात आजही तसंच चालतं. वाडगा तळहातावर घ्यायचा आणि बोटाच्या पेराने काठावर टिचकी मारायची. नीट भाजलेलं स्टोनवेअर खणखणीत वाजतं. डोळ्यांना न दिसणारी चीर असली तर आवाज बद्द येतो. मग उपडं करून बूड बघायचं. बुडाच्या कड्यावर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, नसतं, तिथे उघडी माती दिसते, हत्यार कसं फिरलंय ते दिसतं, आणि करणाऱ्याने किती घाई केली तेही दिसतं. शिवाय वजन. दिसायला मोठं आणि उचलायला हलकं, हे जमायला वर्षं जातात. यातलं एकही फोटोत उतरत नाही. फोटोत उतरतो तो रंग.

मग पैसे कुठे लावायचे? त्यासाठी आज या कलेत नेमकं काय अडतंय ते पाहावं लागेल. चाकावाचून आता फारसं कुणाचं अडत नाही. खादी आयोगाच्या कुंभार सशक्तीकरण योजनेतून बऱ्याच गावांत विजेवरची चाकं पोचली आहेत. तेव्हा स्मृतिप्रीत्यर्थ चाकांचं वाटप हा विचारही बाजूला ठेवा, त्याला फोटो चांगला मिळतो एवढंच. खरी वानवा आहे ती भट्टीची आणि शिकणाऱ्याच्या वेळेची. गावचा उघडा आवा शेण्या, लाकूड आणि भुश्श्यावर ७००-८०० अंशांपर्यंत, फार तर त्याच्या थोडा वर जातो. माठ, पणत्या, सुगडं, पोळ्याचे बैल यांना तेवढी आच पुरते. स्टोनवेअरला १२०० अंशांच्या पुढे जावं लागतं. कुंभार घरातल्या पोराला किंवा पोरीला तुमच्या काकांसारखं पुढचं काही शिकावंसं वाटलं तर हात तयार असतो, माती कळत असते, पण ते भांडं भाजायचं कुठे? आणि चार महिने घरी पैसे न देता शिकत बसणं कुठल्या घराला परवडतं? शहरातली मंडळी फी भरून शनिवार-रविवारचे वर्ग करतात, ते छानच आहे. पण ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आवा लागतोय त्याच्यासाठी हा दरवाजा बंदच राहतो. तुमच्या काकांना तो खानापूरला उघडा मिळाला होता, हे विसरू नका.

म्हणून माझी सूचना अशी. ठेव ठेवून व्याजावर जगायचा नाद सोडा. ६ लाख ६ वर्षांत संपवा. वर्षाला एक लाख, एक शिकाऊ, चार महिने. महिना १२ हजारांप्रमाणे विद्यावेतनाचे ४८ हजार. माती, ग्लेझचा माल आणि गॅस यांना ३०-३२ हजार. उरलेले २० हजार शिकवणाऱ्याचं मानधन. आकडे इकडेतिकडे होतील, पण साचा हाच ठेवा. सहा वर्षांत काकांच्या भट्टीवर तयार झालेली सहा माणसं असतील. त्यातली तीन जरी या धंद्यात टिकली तरी मोठी गोष्ट झाली. पैसे संपले की थांबायचं, आणि तसं पहिल्याच दिवशी जाहीर करायचं. निधी कायमचा असला पाहिजे हा आग्रह बहुतेक वेळा देणाऱ्याच्या समाधानासाठी असतो.

निवडताना पहिली दोन-तीन वर्षं मुलींना आणि सुनांना प्राधान्य द्या, असं मी आग्रहाने सांगेन. बहुतेक कुंभार घरांत बाई माती चाळते, तुडवते, भांड्याला काव-गेरू लावते, घोटते, आवा रचायला हात लावते आणि बाजारात बसून विकतेही. फक्त चाकावर बसायचं नाही, असा रिवाज. विजेच्या चाकांमुळे तो आता काही ठिकाणी सैल होतोय. त्याला बळ देण्यात काकांचं नाव लागलं तर ते मला पुरस्कारापेक्षा जास्त शोभेलसं वाटतं.

अशी स्मारकं जगात झालेली आहेत, माझ्या मनचं सांगत नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या हेलेना गावी आर्ची ब्रे नावाचा वीटभट्टीवाला होता. १९५१ मध्ये त्याने आपल्या वीटभट्टीच्या आवारात कुंभारकामासाठी जागा काढून दिली. पीटर व्होल्कोस आणि रूडी ऑटिओ हे दोन तरुण तिथे पहिल्यांदा राहिले. दोघेही पुढे फार मोठे झाले. ब्रे १९५३ मध्येच वारला. जागा मात्र आजही चालू आहे, जगभरचे लोक तिथे महिनोन्‌महिने राहून काम करतात. जपानमधल्या माशिको गावात शोजी हामादा या नामवंत कुंभाराची डोंगरउतारावर चढत गेलेली मोठी लाकडाची भट्टी आहे. हामादा १९७८ मध्ये गेले आणि भट्टी संग्रहालयाचा भाग झाली. २०११ च्या भूकंपात तिची पडझड झाली. दुरुस्त केल्यावर नुसती काचेमागे ठेवण्याऐवजी २०१५ मध्ये त्या भागातल्या कुंभारांनी आपापली भांडी भरून ती पुन्हा पेटवली. याहून चांगली श्रद्धांजली मला सुचत नाही.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर सरदार गुरचरण सिंग यांचं. हे १९२० च्या सुमारास जपानला जाऊन हामादा, इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्या मंडळींत वावरून आले आणि दिल्लीत त्यांनी स्टुडिओ पॉटरीचा, म्हणजे कलाकाराने आपल्या शेडमध्ये हाताने करायच्या भांड्यांचा, पाया घातला. १९९५ मध्ये ते गेले. त्यांचं नाव टिकलं ते दिल्ली ब्लू पॉटरी ट्रस्टच्या वर्गांमुळे आणि मुलाने-सुनेने हिमाचलात अंद्रेट्याला काढलेल्या पॉटरीमुळे. दोन्हीकडे लोक येऊन चाकावर बसतात.

पुरस्कारच हवा असा घरात फारच हट्ट असेल तर वॉरन मॅकेंझी यांच्या नावाचा पाहा. हे मिनेसोटाचे, रोजच्या वापराची स्वस्त भांडी करणारे, २०१८ अखेर वारले. विक्रीच्या खोलीत माणूस न ठेवता टोपलीत पैसे टाकून भांडं न्या म्हणणारा हा मनुष्य. त्यांच्या नावाचा पुरस्कार मिनियापोलिसचं नॉर्दर्न क्ले सेंटर देतं, पण तो झालेल्या कामाचा गौरव म्हणून नव्हे, पुढचं शिकायला मिळावं म्हणून. नाव पुरस्काराचं, काम शिष्यवृत्तीचं. ही पळवाट काढता येईल.

आता शेडकडे वळू, कारण पैशांपेक्षा तिथलं जास्त मोलाचं आहे आणि ते लवकर खराब होतं.

कुणालाही शेड झाडू देऊ नका. माती आणि ग्लेझच्या धुळीत सिलिका असते, कोरडा झाडू मारला की ती हवेत उडते आणि फुप्फुसात जाऊन बसते. ओलं फडकं, ओला पोछा, तोंडाला चांगला मास्क. डब्यांना हात लावण्याआधी प्रत्येकाचा फोटो घ्या, लेबलसकट आणि कुठल्या फळीवर होता त्यासकट. पांढरी पूड दिसली की "पीओपी असेल" म्हणून फेकून देतात. ती ग्लेझला लागणारी खनिजं असतील, म्हणजे फेल्डस्पार असेल, क्वार्ट्झ असेल, व्हाइटिंग असेल, किंवा बेरियम कार्बोनेट असेल, जे विष आहे. जुन्या शेडमध्ये शिशाचीही संयुगं सापडतात. लेबल नसलेलं काहीही मोरीत ओतू नका, जाणकार माणसाला बोलवून दाखवा.

सगळ्यात मौल्यवान वस्तू बहुधा एखाद्या खोक्यात पडलेल्या असतील: दोन बोटं रुंदीचे, चार बोटं उंचीचे भाजलेले मातीचे तुकडे, वर भोक, मागे तपकिरी आकडा. या टेस्ट टाइल. मागचा आकडा लोखंडाच्या ऑक्साइडने लिहिलेला असतो म्हणून भट्टीतही पुसला जात नाही. तो आकडा काकांच्या वहीतल्या कुठल्यातरी पानाशी जुळतो, आणि त्या पानावर लिहिलेलं असतं की राख किती, फेल्डस्पार किती, कुठल्या पोत्यातलं, भट्टीत कुठल्या शेल्फवर ठेवली होती. वही आणि टाइल एकत्र असतील तर काकांचं ग्लेझ पुन्हा करता येतं. एकट्या वहीचा अर्धाच उपयोग, कारण फेल्डस्पारची खाण बदलली की तीच कृती वेगळा रंग देते. टाइल समोर असली तर कुठवर पोचायचंय ते कळतं. एकट्या टाइलवरून तर काहीच कळत नाही. तेव्हा आधी वह्यांची पानन्‌पान स्कॅन करा, मग टाइल आकड्याप्रमाणे लावा. आणि हे सगळं खुलं करा. निर्मला पटवर्धन यांनी आपल्या ग्लेझच्या कृती पुस्तकात छापून टाकल्या, त्या वापरून देशातल्या कितीतरी कुंभारांची भांडी झाली. कृती कुलपात ठेवून कुणाचं घराणं मोठं झालेलं मी पाहिलेलं नाही.

वहीत नसलेलंही बरंच काही असतं. भट्टी कधी कोंडायची, म्हणजे डॅम्पर (धुराड्याची झडप) किती आत सरकवायचा, झरोक्यातून ज्वाळ किती बाहेर आली की हात थांबवायचा, हे काका पायरोमीटर (भट्टीचं तापमान दाखवणारं यंत्र) बघून करत होते की ज्वाळेचा रंग बघून? हे काकूंना माहीत असेल. रात्री भट्टीजवळ चहा घेऊन कोण जात होतं? शेडवर कुणी मदतनीस होता का? असेल तर त्याच्याकडे ताबडतोब जा, आणि शिकवायचं मानधन त्यालाच द्यायचा विचार करा. मोबाइल समोर ठेवून या दोघांना बोलतं करा. "काकांविषयी सांगा" असं विचारलं की सगळे "देवमाणूस होता" म्हणून थांबतात. "भट्टी लावायची म्हणजे सकाळी पहिलं काय करायचे?" असं विचारा.

उरलेल्या भांड्यांचं काय करायचं? सगळी जपायचा मोह होईल. ३०-४० निवडा: सुरुवातीची, मधली, शेवटची, दोन-चार फसलेली आणि एखादं फुटकंसुद्धा, कारण फुटक्या कडेला मातीचा पोत आणि ग्लेझची जाडी दिसते. त्यांची उंची, वजन, बुडाचा फोटो नोंदवा. बाकीची वापरणाऱ्या माणसांना विका आणि पैसे त्याच निधीत टाका. वाडगा कपाटात ठेवायला केलेला नसतो.

यात दोन गोष्टींबद्दल फार काटेकोर राहा. काकांचा बुडावर मारायचा शिक्का असेल, तो आजपासून वापरातून बाद. शिकाऊ मुलांनी कितीही हुबेहूब काम केलं तरी त्यावर तो उमटता कामा नये. दुसरं, शेडमध्ये बिस्किट झालेली, म्हणजे एकदा भाजलेली, पण ग्लेझ न लागलेली भांडी नक्की असतील. ती पूर्ण करायला हरकत नाही, माझ्या मते करावीतच. पण "घडण त्यांची, ग्लेझ आणि भाजणी दुसऱ्यांची" असं बुडावर लिहून भाजा. आज घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, वीस वर्षांनी कुणाला ठाऊक नसेल.

भट्टी पुन्हा पेटवण्याआधी ती जाणकाराकडून तपासून घ्या. नळ्या बदला, रेग्युलेटर बदला, बर्नर उघडून साफ करा, कमानीच्या विटा हलतात का बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून शेडला खालच्या बाजूला हवेची वाट मोकळी हवी. वरची खिडकी उघडी आहे यावर समाधान मानू नका. जागा विकायचीच असेल तर भट्टी भंगारात घालू नका. हलक्या उष्णतारोधक विटांची भट्टी खडूने आकडे टाकत उतरवता येते आणि दुसरीकडे तशीच्या तशी रचता येते. एखाद्या कलाशाळेला किंवा कुंभारवाड्यातल्या गटाला ती देणं हेसुद्धा पुरेसं स्मारक आहे. फक्त तिकडे ती चालवणारा माणूस आहे ना, हे भट्टी देण्याआधी डोळ्यांनी बघून या. देणगीत आलेल्या आणि सहा वर्षं वेष्टनातच असलेल्या भट्ट्या मी पाहिल्या आहेत.

ट्रस्ट काढावा का, हेही विचाराल. एवढ्या रकमेसाठी काढू नये. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, शिवाय आयकर सवलतींसाठीच्या वेगळ्या नोंदण्या. यातच दोन वर्षं आणि बराच पैसा जाईल. तुमच्या ओळखीची, आधीच नोंदलेली, कुंभारकाम प्रत्यक्ष चालू असलेली संस्था गाठा. साध्या कागदावर पण सहीशिक्क्यानिशी करार करा: रक्कम वेगळ्या खात्यात राहील, फक्त विद्यावेतन, माती, गॅस आणि शिकवणारा यांवरच खर्च होईल, वर्षातून एकदा एका पानाचा हिशेब मिळेल, आणि सलग एक वर्ष शिकाऊ नेमला नाही तर उरलेली रक्कम अमुक संस्थेकडे वळेल. हे शेवटचं कलम लिहायला लोक संकोचतात. लिहाच.

अस्थींबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण परदेशातली कुणीतरी चुलत-मावस भावंडं हा विषय काढतातच, म्हणून सांगून ठेवतो. हाडांची राख म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट, आणि ती सिरॅमिकमध्ये वापरली जाते. बोन चायना हे नाव त्यावरूनच आलं. अस्थींची चिमूट ग्लेझमध्ये घालून आठवणीचा वाडगा करणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. काकूंना विचारल्याशिवाय हा विषय पुढे नेऊ नका, आणि त्या नको म्हणाल्या तर दुसऱ्यांदा विचारू नका.

कधी सुरू करायचं? दिवाळीनंतर. पावसाळ्यात भांडी नीट सुकत नाहीत आणि नवशिक्याच्या निम्म्या भांड्यांना तडे जातात. शिवाय कुंभार घरातली मुलं तोवर मोकळी नसतात: पोळ्याचे बैल, नवरात्राचे घट, मग पणत्या आणि बोळकी. दिवाळी झाली की त्यांना उसंत मिळते. संक्रांतीच्या सुगडांसाठी त्यांना पंधरा दिवसांची रजा द्या, आणि त्या रजेचं विद्यावेतन कापू नका.